दमाचा निकाल

खोली बघायला गेलो तेव्हा आमच्या होऊ घातलेल्या घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, की कचेरीत कुठल्या टेबलावर आहेस तेही विचारलं नाही. ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालता घालताच त्यांनी विचारलं, "कान कसे आहेत तुझे?"

मी म्हटलं, "बरे आहेत."

"बरे म्हणजे? आत काय चाललंय ते ऐक आणि सांग."

माझी ट्रंक डोक्यावर घेऊन हमाल ओटीपुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ताटकळत उभा होता. मी गोंधळून कान दिला. "नारळ खवतायत," मी म्हटलं.

"खवून झाला की सांग."

मी आणि हमाल दोघेही उभे. आवाज थांबला तसं मी "झाला" म्हटलं. मालक स्वतः स्वयंपाकघरात डोकावून आले, मान हलवली आणि म्हणाले, "राहा." भाड्याची बोलणी नंतर त्यांच्या पत्नीने, काकूंनी केली.

मालक पेशाने वकील. वकिली बरी चालायची, पण हा माणूस वकिलीत मावत नव्हता. एका जागी उभं राहणं त्यांना जमतच नसे. मुन्सफांनी म्हणे एकदा भर कोर्टात सांगितलं होतं, "वकीलसाहेब, जरा थांबा, माझी मान दुखायला लागली." जेवताना पानावरून दोनदा उठायचे. एकदा गडगा ओलांडून गाय आत आली का ते बघायला, आणि एकदा ती खरंच आली नाही ना ते बघायला. पहाटे मांडवीपर्यंत जाऊन यायचे, माझ्या खिडकीशी "उठलास का?" म्हणून ओरडायचे आणि उत्तर यायच्या आत भगवती बंदराची वाट धरायचे. त्यांच्याकडे पाच-सहा वर्षं काढली, त्यात माझी निवांत बसायची सवय गेली ती गेलीच. आजही खुर्चीत पाठ टेकली की कुठेतरी जायचं राहिलंय असं वाटत राहतं. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. ती भिंगरी मुळात त्यांची.

या माणसाचा जीव अडकला होता हुतूतूत. खेळण्यात नव्हे. लहानपणी ते खेळले असतील तर देव जाणे, मला तरी कुणी तसं सांगितलं नाही. त्यांना ध्यास होता पंचाच्या कामाचा.

हुतूतू हा खेळ सगळा दमावर. गडी एका दमात "हुतूतू" म्हणत समोरच्यांच्या हद्दीत शिरतो, ज्याला शिवेल तो मेला. पण स्वतःच्या हद्दीत परत येण्याआधी त्याचा दम तुटला तर तोच मेला. म्हणजे कुणीतरी नीट ऐकायला हवं. आमच्याकडे तेव्हा पंच म्हणजे गावातला कुणी तालेवार असायचा. खुर्चीत बसून पान जमवायचा, आणि "दम होता का?" असं विचारलं की ज्या बाजूने आरडाओरडा जास्त तिकडे बघून मान डोलवायचा. अशाच एका डोलवलेल्या मानेपायी बंदरावरची वाडी आणि वरची वाडी यांच्यात बांबू चालले होते. डोकी फुटली. वरच्या वाडीला बंदरावरची मासळी बंद झाली, बंदराला वरच्या वाडीचा पेंढा बंद झाला, जमलेली एक सोयरीकही मोडली. हे सगळं मी यायच्या आधीचं.

त्या मारामारीचा खटला मालकांनी चालवला, जिंकलासुद्धा. पण घरी येऊन जेवले नाहीत, असं काकू सांगायच्या. रात्रभर ओटीवर फेऱ्या घालत म्हणत होते, "एवढी माणसं शपथेवर सांगतात, आम्ही ऐकलं. निम्म्यांनी ऐकलं की दम होता, निम्म्यांनी ऐकलं की नव्हता. ऐकलं एकानेही नाही गो!" पुढच्या वर्षी सामन्याला हे स्वतः पंच म्हणून उभे राहिले. दोन्ही वाड्यांनी कुरकुर केली, पण निकाल मानला. त्यानंतर बांबू वर झाला नाही. मासळी परत वरच्या वाडीत जायला लागली. ती सोयरीक मात्र मोडली ती मोडलीच.

मग जिकडेतिकडे यांनाच बोलावणी. मी एकटा कुठे कुठे पुरणार, म्हणून त्यांनी रविवारी सकाळी आपल्याच खळ्यात पंचांचा वर्ग काढला. पोस्टातले एक कारकून, शाळामास्तर, दवाखान्यातले कंपाउंडर, एक सुपारीचे व्यापारी आणि भाडेकरू म्हणून मी. मला हुतूतूत काडीचा रस नव्हता. पण रविवारी सकाळी त्या घरात झोपून राहायची कुणाची बिशाद?

पहिला धडा चालण्याचा. पंच बसला की निकाल झोपला, हे त्यांचं ब्रीद. गडी जिथे जाईल तिथे पंचाने रेषेबाहेरून त्याच्या बरोबर सरकायचं, तेही तोंड गड्याकडे ठेवून, कुर्लीसारखं आडवं. पायात पाय अडकता कामा नये. सुपारीवाले शेट अंगाने भरलेले. पहिल्याच रविवारी आडवे धावता धावता माडाच्या आळ्यात जाऊन बसले. मालक त्यांना उठवायला गेले नाहीत. वरूनच म्हणाले, "तुम्ही पडलात तेवढ्यात गड्याने दोनदा श्वास घेतला, शेट. तुम्हाला कळलं?"

दुसरा धडा आवाजाचा. निकाल एकाच शब्दात द्यायचा, "मेला" किंवा "जिवंत", आणि असा की शेवटच्या माणसाला ऐकू जावा. मग आम्ही एकेक जण विहिरीपाशी उभे राहून "मेला!" म्हणून ओरडत असू. एकदा शेजारच्या म्हातारीने डोक्यावर पदर घेत धावत येऊन विचारलं, "कोण गेलं हो वकिलांकडचं?" काकूंनी आतून ओरडून सांगितलं, "कोणी नाही गेलं, आमची अक्कल गेली!"

आणि तिसरा धडा कानांचा, तो खरा. आमच्या डोळ्यांवर पंचा बांधून आम्हाला पाठमोरे उभे करायचे आणि मागे एक पोरगा हुतूतू म्हणत पळायचा. दम तुटला की हात वर. सुरुवातीला आम्ही सगळे भलत्याच वेळी हात वर करायचो. दम कसा तुटतो ते हळूहळू कळायला लागलं. "तू" जरा आखूड होतो. घशात एक बारीकशी घुटकी होते. पुढचा "हु" ताजा, टणक येतो. "डोळा फितूर होतो," मालक आमच्याभोवती गरगर फिरत सांगायचे. "ओठ हलताना बघितले की डोळा म्हणतो दम आहे. डोळ्याचं ऐकू नका. आणि जे ऐकलं नाही ते द्यायचं नाही. अंदाजाने निकाल देणारा पंच आणि कोर्टातला खोटा साक्षीदार, दोघं एका माळेचे मणी." हे सांगताना ते एवढे कळवळायचे की कंपाउंडर मला हळूच म्हणाले, "ह्यांना रक्तदाबाचं औषध द्यायला हवं."

शिवाय त्यांचे नियम होते. देशावरून छापून आलेले नियम त्यांना अपुरे वाटायचे, म्हणून ते दर वर्षी आपली भर घालायचे. आधी ताशा बंद केला. मग पुळणीवरचे सामने बंद केले. मांडवीची वाळू म्हणजे पडायला मऊ, पोरं हिरमुसली. तर मालक म्हणाले, "समुद्र दिवसभर हुतूतू करतो, त्याचा दम तुटत नाही. तिथे माणसाचा कळायचा कसा?" हे आम्हाला पटलं. मग प्रेक्षकांना रेषेपासून लांब हटवलं. मग गड्याने दम मोठ्याने घालायचा, पुटपुटायचा नाही. मग पंच दोन असायचे, एक या अंगाला, एक त्या अंगाला. दुसरा पंच मी. पण दुसऱ्या पंचाने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि मालकांनी मला कधी काही विचारलं नाही. मी आपला मुका आडवा धावायचो. लोक म्हणत, वकिलांचं वेड वर्षागणिक वाढतंय. मलाही तसंच वाटायचं.

एकदा पालीला सामना होता. तो आटोपून आम्ही मोटारीच्या थांब्याकडे चाललो होतो. मालक नेहमीप्रमाणे पुढे, रस्त्याच्या मधोमध, तरातरा. मागून सर्व्हिस मोटार आली. भोंगा वाजला. मालक हलले नाहीत. परत वाजला, वाजतच राहिला. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरून बाजूला ओढलं, तशी मोटार धूळ उडवत थांबली.

"भोंगा वाजवायला काय झालं होतं रे?" मालक ड्रायव्हरवर कडाडले.

ड्रायव्हर म्हणाला, "वाजवून वाजवून हात दुकला, सायेब! अक्ख्या पालीन ऐकलान!"

"माझं लक्ष दाव्यात होतं," मालक मला म्हणाले आणि मोटारीत चढले. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. हातखंब्याच्या जरा अलीकडे मी मुद्दाम हळू आवाजात म्हटलं, "काकूंना आज बरं नव्हतं." ते बाहेर बघत राहिले. ताशा, पुळण, लांब हटवलेले प्रेक्षक, मोठ्याने घालायचा दम, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढे आलं. नियम वाढत होते, कारण कान कमी होत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला विहिरीपाशी गाठलं. "तुला कळलं ना?" म्हणाल्या, आणि इतक्या हळू म्हणाल्या की मी दचकलोच. या बाईंचा आवाज आळीच्या टोकाला ऐकू जायचा. नवऱ्याशी ओरडून बोलणारी कजाग बाई अशीच त्यांची ख्याती. "कुणाला सांगू नकोस हो. मी मुद्दाम ओरडत्ये. त्यांना वाटतं, कुणालाच कळलेलं नाही. पंचकी सुटली तर हा माणूस जायचा कुठे? आणि त्या दोन वाड्या? हे हटले की परत बांबू काढतील, ही त्यांना धास्ती. रात्री झोपत नाहीत."

"पण काकू, एखाद्या दिवशी चूक झाली तर?"

"त्याच भीतीनं मीही झोपत नाही," काकू म्हणाल्या आणि कळशी उचलून गेल्या. त्यानंतर तिसरा न झोपणारा मी झालो.

त्या वर्षी बंदर आणि वरची वाडी यांचा सामना भात कापून झाल्यावर मळ्यात ठरला. वर्षभर एकमेकांशी धड बोलणारी माणसं त्या दिवशी सकाळपासून मळ्याच्या दोन काठांना वेगवेगळी बसली होती. बंदराकडचे म्होरके एक तांडेल होते. मचव्यावर आयुष्य गेलेला, बुटका, रुंद, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या बाजूला गवतात बांबू आडवे ठेवलेले मला दिसले. वरच्या वाडीकडेही असणारच. मालक खेळ सुरू व्हायच्या आधीच रेषेवरून दहा चकरा मारून घामाघूम झाले होते. मला म्हणाले, "तू कान उघडे ठेव." एवढं त्यांनी यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

शेवटच्या डावात बंदराचा एकच गडी उरला, काटकुळा, चपळ पोरगा. समोर वरच्या वाडीचे तिघं. पोरगा मोठ्याने दम घालत शिरला आणि सरळ मालकांच्या डाव्या अंगाच्या कोपऱ्यात गेला. मालक गर्रकन वळले, पण तो त्यांच्या डाव्याच अंगाला राहील असा सरकत होता. आणि तिथे त्याचा आवाज बंद झाला. ओठ हलत होते, हुतूतू, हुतूतू, पण आवाज नाही. मग घुटकी. मी स्वच्छ ऐकली. घोटभर हवा घेऊन त्याने दोघांना हात लावला, झेप टाकली आणि रेषेपाशी येता येता परत खणखणीत हुतूतू सुरू केलं.

"जिवंत!" बंदराचा काठ उठून उभा राहिला. "मेला! मेला!" वरची वाडी. दोन्हीकडची माणसं गवताकडे वाकली.

मालकांचा हात अर्धा वर आला आणि तिथेच राहिला. त्यांनी ओठ बघितले होते. जिवंत म्हणाले असते तर त्यांना खोटं पाडणारा कुणी नव्हता, इतक्या वर्षांचा शब्द होता त्यांचा. मेला म्हणाले असते तरी चाललं असतं, निम्मा मळा तेच ओरडत होता. पण ऐकलं त्यांनी काहीच नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दुसरे पंच, दम होता?"

मी म्हटलं, "नव्हता."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मेला!" मालक गरजले.

क्षणभर काय होतंय ते कळेना. तेवढ्यात तांडेल मळ्यात उतरले, त्या पोराचं मानगूट धरलं आणि एक शब्द न बोलता त्याला काठावर नेऊन बसवलं. बांबू गवतातच राहिले.

परतताना मालक इतके जोरात चालत होते की मला धाप लागली. घराच्या पायरीशी थांबले, उजवा कान माझ्याकडे करून म्हणाले, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पालीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"पंच म्हणून बरोबर केलंस," ते म्हणाले. "माणूस म्हणून गाढव आहेस." आणि आत गेले. उशिरापर्यंत ओटीवर त्यांची पावलं वाजत होती.

सकाळी मी कचेरीत जायच्या तयारीत होतो, तेव्हा खळ्यात दोन माणसं येऊन उभी राहिली. तांडेल आणि वरच्या वाडीचे म्होरके गावकर. दोघं बरोबर आले होते! असं कधी झालेलं मी बघितलं नव्हतं. दोघांनी टोप्या हातात घेतल्या होत्या आणि अदबीने, खालच्या आवाजात बोलत होते. मालक पाठ करून ओटीच्या दुसऱ्या टोकाला चालले होते. वळले ते संतापूनच.

"निकाल फिरणार नाही! फिरवून मागायला लाज नाही वाटत? भांडायचं तर कोर्टात या! चालते व्हा!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टोप्या घातल्या आणि गेले.

"बघितलंस?" मालक मला म्हणाले. "घरापर्यंत आले!"

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो. "ते काय म्हणाले, तुम्ही ऐकलंत?"

मालकांची येरझार थांबली.

"पालीला पुढच्या महिन्यात दोन्ही वाड्यांचा सामना आहे. पंच तुम्हीच हवेत, म्हणून विचारायला आले होते."

त्यांनी ओटीचा खांब धरला. मी त्यांना अनेकदा चिडलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं कधी नाही. आता ते घाबरले होते. सबंध जन्म ज्याच्यावर दात ओठ खाल्ले तेच त्यांनी आपल्या ओटीवर, आपल्या तोंडाने केलं होतं. न ऐकता निकाल दिला होता. काकू दारात आल्या होत्या.

मालक पायऱ्या उतरून अनवाणीच पळाले. डोक्यावर काही नाही, धोतराचा सोगा लोंबतोय. "अरे थांबा! तांडेल, थांबा! गावकर!" आळीतली दारं उघडली. शेजारची म्हातारी बाहेर आली. मी मागून धावलो. आळीच्या मधोमध मालकांनी दोघांना गाठलं. छाती धपापत होती.

"तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "मी अंदाजाने बोललो. काल मळ्यातही ऐकू आलं नव्हतं. डावा कान गेलाय आणि उजवाही चाललाय. कुणाला सांगितलं नव्हतं. पंच दुसरा बघा."

मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता, की हे असं भर रस्त्यात कशाला. तांडेल हळूच फिरून त्यांच्या उजव्या अंगाला आले.

"वकीलसायेब, ता सगळ्या बंदराला ठावं हाय. आमच्या पोरान काल तेचाच फायदा घेतलान, म्हनून आमी सोता आलाव. दुसरा पंच काय, मिलेल. पन तो ऐकलान नाय तरी ऐकलं म्हनेल. तेचा आमी काय करायचा?"

मालकांनी ते ऐकलं. डोळे पुसले, सोगा खोचला. मग एकाएकी त्यांचे पाय हलायला लागले, तिथल्या तिथे, डावीकडे, उजवीकडे.

"रविवारी दोन्ही वाड्यांची दोन-दोन माणसं खळ्यात पाठवा," ते म्हणाले. "ऐकलं नाही असं म्हणायला शिकवतो त्यांना." आणि मग शेवटच्या दारापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला ते आत्ताच आलंय!"